एक बोट, दोन तारा

कचेरीत तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत, घरी भाची मावशी म्हणे. नोकरीला एकतीस वर्षं झाली, पण बाईंच्या कागदावर खाडाखोड कुणी पाहिली नव्हती. टायपिंगच्या क्लासात एका बोटाने दोन बटणं दाबली गेली की बोटांवर पट्टी बसायची. तेव्हापासून तिची बोटं सरळ उभी पडत आणि लगेच वर येत. याचा तिला भारी अभिमान होता, आणि आता नेमका तोच आडवा आला.

शनिवारी भाचीची गाण्याच्या शाळेची प्रवेशपरीक्षा होती. साथ करणारी मैत्रीण जिन्यावरून पडली, मनगट मोडून बसली. मग दोन वर्षं हौसेने गिटार शिकणाऱ्या मावशीच्या गळ्यात हे काम पडलं. गाणं सोपं होतं. फक्त पहिल्याच कॉर्डमध्ये सगळ्यात वरची जाडी तार वाजायला नको होती, आणि ती हटकून वाजायची. ती घुमली की भाचीचा सूर घसरायचा. गिटारच्या सरांनी उपाय सांगितला होता: अनामिकेने जाड्या तारेच्या शेजारची तार दाबायची आणि त्याच बोटाचं टोक जाड्या तारेला नुसतं टेकवायचं, म्हणजे ती गप्प बसते. सांगायला एवढंसंच, पण मावशीचं बोट दोन तारांना शिवायला तयार नव्हतं. चटका बसावा तसं ते ताठ उभं राहायचं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नाहीच जमलं तर सरांना साथीला बोलवू, त्यांना विचारून ठेवलंय, असं भाचीने हळूच सांगून टाकलं. मावशी म्हणाली, बोलव की, त्यात काय. पण मनातून तिला ते नको होतं. चौथ्या वर्षापासून वाढवलेल्या या पोरीने आजवर तिच्याकडे तोंड उघडून काही मागितलं नव्हतं, आणि मागितली ती ही एवढी साथ. मावशीचं खाण्यापिण्यात लक्ष लागेना. बसमध्ये ती पर्सच्या दोन पट्ट्यांवर बोट टेकवून बसायची, तर शेजारच्या बाई संशयाने बघायच्या.

शुक्रवारी दुपारी साहेबांनी आत बोलावलं. कागदावर तीन ठिकाणी लाल गोल होते. तिन्ही शब्दांत शेजारच्या बटणाचं एकेक अक्षर जास्तीचं घुसलं होतं. साहेब रागावले नाहीत, त्यांनी तब्येत विचारली, आणि ते तिला जास्त लागलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हे काय होऊन बसलं, असं मनाशी म्हणत ती बाहेर आली. जागेवर येऊन तिने कागद पुन्हा टाइप करायला घेतला. अनामिका आडवी पडून शेजारच्या बटणालाही शिवत होती. तारांवर हवं होतं ते नेमकं हेच, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने कागद कसाबसा पुरा केला आणि तासभर लवकर सुट्टी मागितली.

घरी चप्पल काढायचीही तिला शुद्ध नव्हती. गिटार घेऊन तिने पहिला कॉर्ड छेडला. जाडी तार गप्प होती. भाचीने गाणं दोनदा पूर्ण म्हटलं आणि सरांना कळवायला फोन उचलला.

"सरांना येऊन बसायला तरी सांग," मावशी म्हणाली. "उद्या तिथे बोट परत ताठ झालं तर?"

"होऊ दे. मी त्यांना नका येऊ म्हणून सांगतेय. तार वाजली तर वाजली, मी सूर सोडणार नाही. तू फक्त मध्येच उठून जाऊ नकोस."