धाकट्या घरची कोरी जागा

माझ्या माहेरच्या भाऊबंदांतली शिकलेली मुलं हल्ली वर्षातून एकदा वंशावळीची बैठक भरवतात. चहा-पोहे होतात, मोठा कागद अंथरतात आणि ज्याला जे आठवतं ते तो सांगतो. मागच्या बैठकीत म्हातारी म्हणून मला खुर्ची दिली होती. धाकट्या घराशी आल्यावर एकजण म्हणाला, ‘‘ही नोंद बिलकुल पक्की आहे, भाटाच्या चोपडीतली आहे.’’ ती नोंद कशी पक्की झाली हे बघितलेली तिथं मी एकटीच उरले होते, आणि पोह्यांच्या बशीबरोबर सांगावं असं ते नव्हतं. इथं सांगते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी सोळा वर्षांची होते. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला सकाळी निघालं तर दुपारपर्यंत परत येता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. भाट यायचा तो पंधरा-वीस वर्षांनी एकदा, फेरी चुकली तर त्याहून उशिरा. तट्टावर बसून यायचा, मागं लाल कापडात बांधलेली चोपडी. चार दिवस मारुतीच्या देवळात त्याचा मुक्काम. गावातल्या प्रत्येक घराच्या पिढ्या त्या चोपडीत होत्या. मधल्या काळात झालेल्या मुलग्यांची नावं त्यानं घालायची, गेलेल्यांच्या नावापुढं खूण करायची आणि शेवटी सगळ्यांसमोर ते वाचून दाखवायचं. लेकींची नावं घालायची रीत नव्हती.

सकाळच्या वेळी तर तो शाळाच भरवायचा. मिशा पांढऱ्या झालेले बाप्ये पुढं बसवून सात पिढ्या पाठ करून घ्यायचा. एरवी गावात छाती काढून चालणारे लोक तिसऱ्या पिढीपाशी अडकायचे आणि शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे. आम्ही बायका देवळाच्या भिंतीआड ओट्यावर बसायचो. भाऊबंदांची पाठ ऐकून ऐकून दोन दिवसांत मला पणजोबांपासून मागच्या पिढ्या आल्या; पुढं आजोबा आणि वडील जोडले की आमच्याही सात तोंडपाठ. बाप्यांना आठवेना की मला हसू यायचं आणि माय मांडीला चिमटा काढायची.

आमच्या पणजोबांना दोन लेक. थोरल्याचा वंश ते थोरलं घर, धाकट्याचा ते आमचं. थोरल्या घरात माझे चुलते कर्ते होते. माझ्या वडिलांचे ते चुलतभाऊ, वयानं मोठे, म्हणजे मायचे भासरे. त्यांच्यासमोर ती पदर हनुवटीपर्यंत ओढायची आणि बोलायची नाही. आजोबा कधीच वारले होते; आमच्या घरात आम्ही दोघीच. वडील आठ वर्षांपूर्वी परतूरच्या स्टेशनातून हैदराबादच्या गाडीत बसले ते बसलेच. एक पत्र आलं होतं: काम बराबर आहे, दिवाळीला येतो. कोणत्या दिवाळीला ते लिहिलं नव्हतं.

गावानं मायला कधीच विधवा करून टाकलं होतं. ती मात्र रोज सकाळी बंद्या रुपयाएवढं कुंकू लावायची. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तेव्हा बायका मानत. उखाण्यात घेतलेलं चालायचं, पण वडील गेल्यापासून तिनं उखाणाही सोडला. हळदीकुंकवाला कुणी फारच मागं लागलं तर म्हणायची, ‘‘आले की घेईन.’’

बाप कुठं आहे, असं विचारून मला दोन स्थळं परत गेली होती. तिसरं मंठ्याच्या पलीकडचं होतं. घर चांगलं, मुलगा शेतात राबणारा, वयानं माझ्याजोगा. चुलत्यांनी आधी तिथं स्वतःच्या मुलीचं विचारलं होतं, पण त्या लोकांनी मलाच पसंत केलं. हे मोडलं तर माझ्यासाठी काय ठरलंय हेही चुलत्यांनी मायच्या कानावर घालून ठेवलं होतं. परतूरचा एक बिजवर, त्याची थोरली मुलगी माझ्याच वयाची. मुलाच्या बापानं निरोप धाडला होता, ‘‘भाट बसणार हाय तुमच्याकडं. एकदा कुळी कानानं ऐकतो, मंग साखर वाटू.’’

चौथ्या दिवशी सकाळी मुलाचा बाप गाडी जुंपून आला. सोबत दोन माणसं. देवळात जागा करून दिली, पान-सुपारी झाली आणि भाटानं आमचं पान उघडलं. पणजोबांच्या बापापासून त्यानं सुरुवात केली. आवाज असा की भिंतीतून सरळ यायचा. पणजोबांचं नाव आलं. लेक दोन. थोरला, त्याचा लेक, त्या लेकाचे लेक, सगळं झरझर झालं. मग तो म्हणाला, ‘‘धाकटा,’’ आणि थांबला.

‘‘इथं जागा कोरी हाय,’’ तो म्हणाला.

मायनं माझा हात धरला.

कोऱ्या जागेचा अर्थ तेव्हा पोरासोरांनाही कळायचा. लग्नाच्या बायकोचा नसलेला लेक असला की त्याला अकरमाशी म्हणत, आणि तसल्या ठिकाणी भाट जागा कोरी सोडतो असा समज होता. अशा घरात कुणी मुलगी देत नसे, तिथली करतही नसे. मुलाच्या बापाबरोबर आलेला एकजण घसा खाकरून म्हणाला, ‘‘अशी कशी कोरी?’’

भाट म्हणाला, ‘‘माझ्या बापानं सोडलेली हाय. का सोडली ते त्यालाच ठावं. तो वारला, अन् मीबी ह्या अंगाला पहिल्यांदाच आलोय.’’

मुलाचा बाप शहाणा माणूस होता. तो चुलत्यांना म्हणाला, ‘‘पाटील, तुमचाच चुलता की तो. तुम्ही सांगा नाव, लिहू द्या.’’

चुलत्यांनी सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, ‘‘मी माझ्या घरचं सांगतो. दुसऱ्या घरचं मी घातलं तर उद्या लोक म्हणतील, वतनासाठी घातलं. रीतीनं होऊ द्या.’’

भाटानं मान हलवली. रीत खरीच तशी होती. जमिनीसाठी लोक भलतीच नावं घुसडत, म्हणून ज्या घरचं नाव ते त्याच घरच्या तोंडून घ्यायचं. पण आमच्या घरच्या तोंडांत आता कोण उरलंय हे चुलत्यांना पुरतं माहीत होतं. त्याच माणसानं आमचं दोन एकर रान आठ वर्षं नांगरून दिलं, हे मी विसरत नाही. ती सकाळही विसरत नाही.

मला राहवलं नाही. मी ओट्यावर उभी राहिले आणि भिंतीवरून आजोबांचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, मागच्या धरून सातही पिढ्या न अडखळता म्हणून दाखवल्या. देवळातल्या माना भिंतीकडं वळल्या. भाटाच्या हातातला बोरू मात्र हलला नाही.

‘‘पोरी, तुला येतंय ते बराबर हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पण लेकीची जबान चोपडीत चालत न्हाई. लेक दुसऱ्या कुळीत जाती.’’

‘‘मंग तिच्या मायची?’’ मुलाच्या बापानं विचारलं.

भाटानं बोरू खाली ठेवला. ‘‘सवाशीण असंल तर न्हाई. नवरा हयात असंल तर त्यानं येऊन सांगावं. मागं राह्यलेली असंल तर तिचं चालतं.’’

मुलाचा बाप उठला. ‘‘जेवण करून बैल जुंपतो. तवर काय ते ठरवा.’’ तो बोलला शांतपणे, त्यात राग नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आम्ही घरी आलो. मायनं चूल पेटवली नाही. चुलीपुढं बसून राखेवर काडीनं रेघा ओढत बोलू लागली.

‘‘मागल्या फेरीला मीच होते घरी. नवी नवरी. सासरा अन् हे दोघंबी सरकी घेऊन परतूरला गेल्ते. ह्या भाटाचा बाप दारात आला, म्हणला, नावं तरी सांग, पक्की मागाहून बाप्यांकडून करू. सासऱ्याचं नाव कसं घेऊ? ह्यांचं कसं घेऊ? मी मान खाली घालून उभी राह्यले. तो हसला. म्हणला, पुढच्या फेरीला घालू, पोरी. सूपभर ज्वारी घातली अन् लावून दिला. सासरा आला तर भेणं त्यालाबी सांगितलं न्हाई.’’

म्हणजे कोरी जागा तिच्या लाजेची होती. दुसरं काहीसुद्धा नव्हतं त्यात. एका सोळा-सतरा वर्षांच्या सुनेनं सासऱ्याचा मान राखला आणि त्याच्यापायी त्याच्या जन्मावर बोट आलं. मला संताप आला. रीतीचा आला, चुलत्यांचा आला, पण समोर होती ती माय, म्हणून निघाला तिच्यावर.

‘‘मंग आता जाऊन सांग की,’’ मी म्हणाले.

‘‘ऐकलंस न्हवं, काय म्हणला त्यो? मागं राह्यलेली असंल तर.’’

‘‘मंग हायेसच की तू मागं राह्यलेली. आठ वर्षं झाली. मेलाच असंल त्यो. सगळं गाव म्हणून राह्यलंय, तुलाच तेवढं कळंना. तुझ्या कुंकवापायी मी त्या बिजवराच्या घरी जाऊ का?’’

बोलून गेले. धनुष्यातून सुटलेला बाण, बंदुकीतून सुटलेली गोळी आणि तोंडातून सुटलेला शब्द परत येत नाही म्हणतात, ते मला त्या चुलीपुढं कळलं. माय रडली नाही, मला मारलंही नाही. तिनं काडी राखेत खोचली, उठून तोंडावर पाणी घेतलं, धुतलेलं लुगडं नेसली. आरशाच्या तुकड्यापुढं उभी राहून सकाळचं फिसकटलेलं कुंकू पुन्हा नीट लावलं. मला वाटलं, ती जाणार नाही. नाव घ्यायला चाललेली बाई कुंकू कशाला लावेल? मी दारात बसून दूर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा कानोसा घेत होते. गाडी जुंपायला काढली असावी.

ती माझ्या शेजारून बाहेर पडली आणि देवळाच्या वाटेला लागली. मी मागं धावले.

बायका भिंतीआड थांबतात, ती थांबली नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढून सरळ देवळात शिरली आणि खांबाशी उभी राहिली. सगळे बाप्ये बसलेले. चुलते समोर. मुलाचा बाप जोडा घालत होता, तो तसाच थांबला.

‘‘भाटबुवा, चोपडी उघडा,’’ माय म्हणाली. ‘‘धाकट्या घरची आले.’’

भाटानं चोपडी उघडली, पण बोरू उचलला नाही. ‘‘बाई, रीत ठावं हाय न तुला?’’

‘‘ठावं हाय. मागं राह्यलेली हाय मी.’’

पदर होता तरी तिच्या कपाळाचा लाल ठिपका आरपार दिसत होता. भाटानं मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाला, ‘‘बाई, कपाळाला कुंकू हाय.’’

तिनं पदर वर केला. भासऱ्यांसमोर, परक्या पाव्हण्यांसमोर तिचं तोंड पहिल्यांदा उघडं पडलं. पदराच्या शेवानं तिनं कुंकू पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा पुसलं.

तेव्हा चुलते उठले. ‘‘थांबा,’’ ते म्हणाले. ‘‘मी घालतो नाव. भाटबुवा, माझ्या तोंडचं लिहा. कोण काय म्हणतंय ते मी बघतो.’’ त्यांचा आवाज फाटला होता. पण तेच तोंड सकाळी कुठं गेलं होतं, हे मला आजही त्यांना विचारावंसं वाटतं. ते वारून तीस वर्षं झाली.

मायनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिनं सासऱ्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, मोठ्यानं. मग माझ्या वडिलांचं घेतलं. सोळा वर्षांत मी ते तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं नाव असावं तसं मला ते वाटलं. भाटानं दोन्ही लिहिली, वर वाळू टाकली, फुंकली. मग वडिलांच्या नावापुढं गेलेल्याची खूण करायला त्यानं बोरू पुन्हा बुडवला आणि मायकडं बघितलं. ‘‘करा,’’ ती म्हणाली.

मुलाच्या बापानं जोडा काढला आणि परत आत येऊन बसला. ‘‘साखर आणा,’’ तो म्हणाला.

वडील पुढंही कधी आले नाहीत. त्यामुळं माय त्या दिवशी खरं बोलली की खोटं, ते मला अजून ठाऊक नाही. तिला मी एकदाच विचारलं होतं, माझ्या पहिल्या मुलाच्या बारशाला. ती म्हणाली, ‘‘मी बोलले तवा खरं झालं,’’ आणि पाळण्याची दोरी माझ्या हातात देऊन उठून गेली. मी चुलीपुढं जे बोलले त्याबद्दल ती मला जन्मात कधी काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

लग्न वैशाखात झालं, आमच्याच दारात. हळद लावायला पाच सवाशिणी लागतात. मी पाटावर बसले, चुलतीनं वाटी हातात घेतली आणि माझी नजर मायला शोधत राहिली. ती कुठं असणार हे मला कळायला हवं होतं. हळदीच्या मांडवात मागं राहिलेलीनं यायचं नसतं. तिनं स्वतः हळकुंडं निवडली होती, दोन दिवस बसून कुटली होती, चाळली होती, आणि आता ती कुडाच्या पलीकडं उभी होती. कुडाच्या फटीतून तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

मी म्हणाले, ‘‘माय, ये न.’’ चुलतीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. बायका गाणं म्हणत होत्या, त्यांनी आवाज वाढवला. मी रडायला लागले तेव्हा कुडाच्या पलीकडून मायचा आवाज आला, रोजच्यासारखाच, जरा रागावलेला.

‘‘कानामागं राह्यलंय तिच्या. डाव्या. तिथं लावा.’’

चुलतीनं बोट बुडवलं आणि तिथं लावलं.