आठव्या एपिसोडमधलं एक वाक्य

क्लायंटने आठवा एपिसोड पुन्हा परत पाठवला. शेरा आधीचाच होता: राग उत्तम, त्यानंतरचं वाक्य खोटं.

वाक्य छोटं होतं. ‘किती दिवस झोपला नाहीत?’

मी इंदूरला तुकोगंजमधल्या एका डबिंग स्टुडिओत काम करते. परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहायचे आणि ते कलाकारांकडून बोलून घ्यायचे, अशी दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. त्याआधी नगरला वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. तिथे दुसऱ्याची कॉपी नीट करायचे, इथे दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं.

ही मालिका सुपरहिरोची होती. नायक पुलांच्या कामावरचा वेल्डर. राग आला की त्याचं अंग तापतं आणि आसपासचं लोखंड वितळतं. पहिल्या भागांत तो राग दाबायचे सगळे उपाय करून बघतो. गोळ्या घेतो, श्वास मोजतो, स्वतःला तळघरात कोंडून घेतो. तळघराचं दार वितळतं. आठव्या भागात तो एका म्हाताऱ्या क्रेन ऑपरेटरच्या घरी पोचतो. या माणसाच्या चुकीने त्याचा भाऊ मेलेला असतो. नायक त्याला मारायला आलेला असतो. खिडकीचे गज लाल होतात. म्हातारा पळत नाही. म्हणतो, ‘कोणीतरी येणार हे ठाऊक होतं. मी दार उघडंच ठेवलं होतं.’ नायक त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघतो आणि विचारतो, ‘किती दिवस झोपला नाहीत?’ गज पुन्हा काळे पडतात.

अशा काही मालिका मी केल्या आहेत. त्यांतला एकही नायक राग दाबून बरा होत नाही. त्याचं लक्ष स्वतःच्या दुखण्यावरून समोरच्याच्या दुखण्याकडे जातं, तेव्हा राग उतरतो. लेखकाला हे वळण एखाद्या वाक्यात घ्यावं लागतं. ते वाक्य पडलं तर आधीची सगळी आरडाओरड फुकट जाते.

क्लायंटकडून शर्वरी मॅडम व्हिडिओ कॉलवर आल्या.

“तो काळजीने विचारतोय असं वाटत नाही. पोलीस चौकशी वाटते.”

“पुन्हा घेतो,” मी म्हटलं.

“हा शेवटचा रीटेक. सोमवारी जमलेलं नसेल तर आवाज बदलू. मुंबईत करून घेऊ, पहिल्या भागापासून.”

याचा अर्थ नायकाचा आवाज असलेला शिरीष बाहेर. त्याच्याकडे दुसरं काम नव्हतं. तो एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायचा. तिथे त्याने एका पालकावर डस्टर फेकला आणि ते काम गेलं. बायको देवासला माहेरी होती, कधी येणार हे तो सांगत नसे. जन्म इंदूरचा, आजोबा गिरणीत कारकून म्हणून आलेले. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी. भांडण निघालं की मात्र घरातही हिंदीच. त्याच्या रागाचे टेक आम्ही एका झटक्यात ओके करायचो. फक्त मधली हिंदी काढावी लागे.

मी त्याला क्लायंटचा निरोप सांगितला.

“मतलब आता एवढ्याशा वाक्यावर मला घरी बसवणार?”

“घरी बसवू नये म्हणूनच बोलावलंय.”

“ताई, मी तो सीन सगळ्या तऱ्हेने करून बघितला. हळू बोललो, जोराने बोललो, रडका बोललो. त्या मॅडमला पाहिजे काय, ते तर सांगा.”

“तुम्ही विचारताय, पण कोणाला विचारताय ते ऐकू येत नाही.”

“समोर कोणी असेल तर विचारीन ना,” तो म्हणाला आणि माइकच्या स्टँडला लाथ मारली.

आमची साउंड इंजिनिअर रितिका काचेपलीकडून म्हणाली, “सर, स्टँड ने क्या बिगाड़ा है आपका?”

त्याने स्टँड उचलून जागेवर ठेवला. सॉरी म्हणाला नाही.

पण ‘समोर कोणी असेल तर’ हे त्याचं म्हणणं खरं होतं. डबिंगला कलाकार एकेकटे येतात. बूथमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही अशा खोलीत, हेडफोन लावून उभं राहायचं. कानात मूळ भाषेतला आवाज, समोर स्क्रीनवर पात्राचे ओठ. आपलं वाक्य आलं की बोलायचं. समोरच्या पात्राचं वाक्य आलं की इंजिनिअर ते उडवते आणि थेट आपल्या पुढच्या वाक्यावर जाते. वेळ वाचतो. पडद्यावर दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात आणि त्यांना आवाज देणाऱ्यांची स्टुडिओत गाठही पडलेली नसते. सगळीकडे असंच चालतं. आमच्याकडेही तसंच चाललं होतं.

मी रितिकाला सांगितलं, “ऑपरेटरचा मराठी ट्रॅक लाव. काही उडवू नकोस. सीन पहिल्यापासून पूर्ण चालू दे.”

ऑपरेटरचा आवाज अण्णांचा होता. लोकमान्य नगरात राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आवाज जाड पण थकलेला. त्यांचं काम आधीच होऊन गेलं होतं.

सीन सुरू झाला. दार, पावलं, गज तापल्याचा आवाज. मग अण्णा: ‘कोणीतरी येणार हे ठाऊक होतं...’

शिरीषने हेडफोन काढले.

“हे अण्णा आहेत?”

“हो. ओळखता तुम्ही?”

तो बूथमधून बाहेर आला, जिन्यापर्यंत गेला. मला वाटलं, गेला. रितिकाने माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळाने तो परत आला आणि दारातच उभा राहिला.

“आम्ही एका ग्रुपमध्ये नाटक करायचो,” तो म्हणाला. “स्पर्धेत अण्णा एक वाक्य विसरले. नंबर गेला. मी विंगेतच धरलं त्यांना. मतलब, ढकललं. ते जिन्यावरून पडले. मनगट मोडलं. त्यानंतर ते स्टेजवर आले नाहीत. मी पण कधी गेलो नाही त्यांच्याकडे.”

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असावी. मी बाहेरून आलेली. मला कोणी सांगितली नव्हती.

“त्यांना माहीत होतं का, समोर मी आहे?” त्याने विचारलं.

मला आठवलं. अण्णांनी रेकॉर्डिंगआधी विचारलं होतं. जुना नाटकवाला, म्हणून विचारत असतील असं मला वाटलं होतं.

“त्यांनी विचारलं होतं, समोर कोण आहे. मी तुमचं नाव सांगितलं.”

“मग?”

“पाणी मागितलं. मग म्हणाले, चला, घेऊ.”

शिरीष आत गेला. हेडफोन लावले. “पुन्हा लावा,” म्हणाला. रितिकाने सीन पुन्हा लावला. अण्णांचं वाक्य संपलं. मूळ नायक जिथे बोलतो तिथे शिरीष बोललाच नाही. ओठ हलून गेले, वाक्य चुकलं. रितिकाने हात वर केला, मी तिला थांबवलं. “पुन्हा,” तो आतून म्हणाला.

पुढच्या टेकला त्याने ते वाक्य म्हटलं. वर नेलं नाही, खाली आणलं नाही. उत्तर ऐकायची भीती असल्यासारखं विचारलं. ओठांच्या किंचित मागे पडलं होतं. रितिकाने ते सरकवून बसवलं.

सोमवारी शर्वरी मॅडमचा मेसेज आला. अप्रूव्ड. बाकी काही लिहिलं नव्हतं. शिरीषचं काम वाचलं.

नवव्या भागाच्या रेकॉर्डिंगला तो आला तेव्हा दाढी केलेली होती आणि शर्ट इस्त्रीचा होता. मी स्क्रिप्ट दिली.

“गेलो होतो अण्णांकडे,” तो म्हणाला.

“भेटले?”

“दार त्यांनीच उघडलं. बसा म्हणाले. मला अहो-जाहो करत होते, बघा. मी म्हटलं, अण्णा, तुमचं ते दार उघडं ठेवल्याचं वाक्य ऐकलं मी. तर म्हणाले, अहो, तो डायलॉग होता. निरोप नव्हता.”

“आणखी काही?”

“हाताचं विचारलं. मूठ नाही वळत म्हणाले. सून चहा घेऊन आली. कप डाव्या हाताने घेतला त्यांनी. मग टीव्ही लावला.”

“माफी मागितलीत?”

“मागितली ना. टीव्हीचा आवाज जास्त होता. ऐकू गेली की नाही, काय माहीत.”

रितिकाने बूथमधला दिवा लावला. मला वाटलं, आज पुन्हा स्टँड पडणार. त्याने स्टँडची उंची सारखी केली, हेडफोन गळ्यात अडकवले.

“आज समोर कोण आहे?” त्याने विचारलं.

मी नाव सांगितलं. एका कॉलेजातली मुलगी होती, त्याच्या ओळखीची नव्हती. त्याने मान हलवली. “तिचा ट्रॅक चालू ठेवा,” म्हणाला.

अण्णांना मी पुढच्या एका मालिकेसाठी फोन केला होता. आवाज बसतो म्हणाले. त्यांनी आमच्याकडे परत काम घेतलं नाही. दुसऱ्या सीझनला आवाज तेच ठेवायचे असा क्लायंटचा आग्रह होता, त्यामुळे शिरीष राहिला. त्याची बायको अजून देवासलाच आहे.

आता आमच्याकडे समोरच्याचं वाक्य उडवत नाहीत. एकेका सीनला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. मालकांनी कारण विचारलं, तेव्हा मी सांगितलं की रीटेक कमी होतात. ते खरं आहे.