तिसरीतली फुल पँट

यासीनभाईंनी माझ्या टेबलावर एक पँट आपटली.

“मॅडम, हे काय आहे?”

“पँट.”

“कुणाची?”

“तुमच्याच कारखान्याची दिसते.”

“तिसरीच्या पोराची आहे! फुल पँट! तिसरीला हाफ पँट असते, हे तुमच्या वेबसाइटला माहीत नक्को?”

ईशान, अन्वी, तुम्ही मागे फोनवर विचारलंत, आजी रिटायर झाली तर रोज ऑफिसला कशाला जाते. त्याचं उत्तर म्हणून ही हकीकत लिहिते आहे. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचं संपल्यावर मी आणि माझा जुना विद्यार्थी श्रीनिवास, आम्ही सोलापुरात वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस काढलं. तो डिझाइन करतो, म्हणजे साइट कशी दिसावी ते ठरवतो. मी टेस्टिंग करते. टेस्टिंग म्हणजे लोकांच्या आधी आपणच साइट वापरून तिच्यातल्या चुका काढायच्या. तुमचे बाबा म्हणतात, हे काम मला जन्मापासून येतं.

यासीनभाईंचा चिंचोळी एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. इतकी वर्षं त्यांचा माल ठोक व्यापाऱ्यांच्या नावाने विकला जायचा. यंदा पहिल्यांदा वळसंगकडच्या एका शाळेनं थेट त्यांना काम दिलं होतं. पालकांनी मोबाइलवरून ऑर्डर द्यायची, नाव घातलेली पाकिटं शाळेत पोचवायची. हे जमलं तर आणखी शाळा मिळणार होत्या. नाही जमलं तर पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात.

साइट करताना यासीनभाई आणि श्रीनिवास या दोघांचं पहिल्या दिवसापासून वाजलं. यासीनभाईंना पानावर कारखान्याची इमारत, वडिलांचा फोटो, फिरणारी पृथ्वी आणि खालून सरकणारी पट्टी हवी होती. श्रीनिवासला काहीच नको होतं. त्याला व्हाइट स्पेस हवी होती. व्हाइट स्पेस म्हणजे नजरेला विसावा म्हणून मुद्दाम मोकळी सोडलेली जागा.

“एवढ्या जागेत माझ्या चार मशिनी बसतील,” यासीनभाई म्हणाले.

“मग मशिनीच बसवा की भाई, वेबसाइट कशाला?” श्रीनिवास म्हणाला.

मापाच्या फॉर्मवर तर फारच जुंपली. यासीनभाईंना उंची, छाती, कंबर, इयत्ता, तुकडी सगळं विचारायचं होतं. श्रीनिवासचं म्हणणं, इतके रकाने बघून माणूस मोबाइल खाली ठेवतो. यात तो चूक नव्हता. मीही ठेवते.

दोन दिवसांनी त्यानं एक बाहुला आणला. पानावर एक गोंडस मुलगा, खाली एक रेघ, आणि प्रश्न एकच: वय किती? रेघेवरून बोट सरकवलं की मुलगा उंच होत जायचा, शर्ट वाढायचा. दहाव्या वर्षी तो टुणकन उडी मारायचा आणि हाफ पँटची फुल पँट व्हायची, कारण त्या शाळेत पाचवीपासून फुल पँट. आठ वर्षांचा म्हणजे तिसरी, दहाचा म्हणजे पाचवी. वयावरून इयत्ता आपोआप कळते, मग ती विचारायची कशाला? मुलींचा ट्युनिक लहानमोठ्या सगळ्या वर्गांना सारखाच, त्यामुळे तिथे प्रश्नच नव्हता.

यासीनभाई बाहुल्याला अर्धा तास उड्या मारायला लावत बसले. फिरणारी पृथ्वी विसरले. मी तुम्हा दोघांची वयं घालून पाहिली, गणवेश बिनचूक आला. मी साइट पास केली.

आणि आता टेबलावर ही पँट.

“तिसरी-चौथीची निम्मी पोरं फुल पँटमध्ये आलीत,” यासीनभाई सांगू लागले. “आयांना वाटलं शाळेनं नियम बदलला. पोरं कायकू बोलतील? ती खूश. पण पाचवीची पोरं वर्गात बसंनात. म्हणतात, आम्ही चार वर्षं गुडघे उघडे टाकून काढली, आणि ह्यांना फुकटात फुल पँट? हेडसर म्हणाले, सोमवारच्या प्रार्थनेला सगळी पोरं नियमात दिसली पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस.”

श्रीनिवासनं कोडिंग पुन्हा तपासलं. काही चुकलेलं नव्हतं. मी ऑर्डरी उघडून शाळेच्या वर्गवार यादीशी ताडून पाहिल्या. तिसरीतल्या सिद्धूचं वय दहा. तिसरीतल्या समीरचंही दहा. वळसंगची तिसरी एकाएकी म्हातारी झाली होती. मी सिद्धूच्या आईला फोन लावला.

“ताई, तुम्ही मुलाचं वय दहा लिहिलंय.”

“व्हय.”

“तो तिसरीत आहे ना?”

“व्हय की.”

“मग वय आठ असेल.”

“आठच हाय.”

“मग दहा का लिहिलंत?”

“आठाला आठ घातलं तर दिवाळीपतोर बटणं तुटायची. कापडं दोन वर्सं घालाय नकोत?”

“अहो, पण तिथे वय विचारलंय.”

“मग? तुमच्या त्या बाहुल्याला काय आदार कार्ड दाखवायचंय व्हय?” मग जरा थांबून, “बाई, तुमाला पोरं न्हाईत का?”

“आहेत की. नातवंडंही आहेत.”

“मग तुमाला तरी कळाय पायजे हुतं!”

मी फोन ठेवला. तुमच्या बाबाला चौथीत घेतलेला शर्ट त्यानं सहावीपर्यंत घातला होता, पहिलं वर्ष तर बाह्या दुमडून. दुकानदाराला मीच सांगायची, ‘वाढत्या अंगाचा द्या.’ तुमच्याकडे माप बसेल ते घेतात. इथे पुढच्या दोन वर्षांत जे बसेल ते घेतात. दुकानात दुकानदाराला तसं सांगता येतं. आमच्या बाहुल्याला सांगायची सोय नव्हती, म्हणून आयांनी पोरांची वयं वाढवली.

“श्रीनिवास, इयत्ता विचारावी लागेल,” मी म्हटलं. “आणि आणखी एक प्रश्न: माप अंगाबरोबर, एक वर्ष वाढीव, की दोन वर्षं वाढीव?”

“मॅडम, दोन ड्रॉपडाऊन!” ड्रॉपडाऊन म्हणजे बोट लावलं की खाली उघडणारी यादी. “बाहुल्याच्या बरोबर डोक्यावर येतंय एक.”

“टोपी समज.”

“व्हाइट स्पेस गेली की सगळी!”

“पोरांना विसावा आहे ना शाळेत, पुरे तेवढा,” यासीनभाई म्हणाले आणि हाफ पँटी शिवायला कारखान्याकडे पळाले.

शनिवारी ते स्वतः टेम्पो घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले. फुल पँट परत द्या, हाफ पँट फुकट घेऊन जा, अशी पाटी लावली. आया आल्या, पण रिकाम्या हातांनी. फुल पँट परत करायला जवळजवळ कुणीच तयार होईना. पाचवीत गेल्यावर लागंल की, मग कशाला द्यायची? हाफ पँटीचे पैसे त्यांनी रोख मोजले आणि मापं घेतली, अर्थात वाढीव.

सोमवारी प्रार्थनेला तिसरी-चौथी हाफ पँटमध्ये उभी होती. त्या हाफ पँटी पोटरीपर्यंत येत होत्या, पण नियमात पँटीच्या लांबीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. पाचवी वर्गात बसली. हेडसरांनी पुढच्या वर्षीचं कामही यासीनभाईंनाच दिलं.

“म्हणजे माझ्या डिझाइननं डबल सेल झाला,” श्रीनिवास कॉलर ताठ करून म्हणाला.

“हौ बाबा,” यासीनभाई म्हणाले. “आता याहून सुंदर करू नको, नाहीतर पोरांना शेरवानी विकायची पाळी येईल.”

राहिला बाहुला. नव्या साइटवर ‘दोन वर्षं वाढीव’ निवडलं की त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येतात, खांदे दंडावर उतरतात आणि पँट फुगते. श्रीनिवासला ते बघवत नाही. आपली कामं गिऱ्हाइकांना दाखवताना तो ही साइट गाळतो. पण परवा सिद्धूच्या आईनं धाकट्यासाठी ऑर्डर दिली आणि मुद्दाम फोन केला.

“बाई, आता कसं पोरगं छान दिसतंय बगा. आदी नुसतं आवळल्यावानी दिसत हुतं.”

डिझाइनबद्दल आमच्या ऑफिसला आलेली ही पहिली शाबासकी. मी ती श्रीनिवासला शब्दशः सांगितली. त्यानं चहा मागवला, पण माझ्यासाठी नाही.

माझ्या कामात एकच बदल झाला. टेस्टिंग करताना मी आता खरी माहिती घालून थांबत नाही. आधी खरी घालते, मग गिऱ्हाईक जे खोटं लिहील तेही घालून बघते. त्यासाठी आमच्या साइटवर तुम्ही दोघं दोन-दोन वर्षांनी मोठे आहात. तुमच्या आईला सांगू नका.