आर्डीलियाचा डावा हात

त्या रविवारी आर्डीलिया स्टोक्सच्या डाव्या हाताने स्तोत्र वाजवले की गुत्त्यातले ब्लूज? हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. पियानोवर ती स्वतः होती. तिलाही उत्तर देता आले नाही.

१९५४ च्या ऑगस्टात, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातील माउंट नेबो चर्चमध्ये दान गोळा होत असताना ती नेहमीसारखी हलकेच वाजवत होती. उजव्या हाताखाली जुने स्तोत्र होते. डावा मात्र खालच्या सुरांवर लोळू लागला, अडून पुन्हा उसळू लागला. मंडळीतल्या वडीलधाऱ्या, गुडघ्यांनी अधू झालेल्या मदर झिपोरा गेन्स ताडकन उठल्या, हात उंचावून नाचल्या आणि पवित्र आत्म्याने भारून शेजारच्या दोघींच्या अंगावर कोसळल्या. तसा रविवार वर्षभरात झाला नव्हता.

सोमवारी गावभर झाले, की हीच चाल तिने शनिवारी पर्व्हिसच्या गुत्त्यात, तळलेल्या माशांच्या वासात वाजवली होती.

शुक्रवारी मंडळीची सभा भरली. रीत ठरलेली होती: सर्वांसमोर उभे राहायचे, पापाचे नाव घ्यायचे, क्षमा मागायची. अन्यथा अकराव्या वर्षापासून जे पियानोचे स्टूल आर्डीलियाचे होते, ते सोडायचे.

"सिस्टर स्टोक्स, सैतानाची चाल देवाच्या घरात आणली, एवढं बोल अन् मोकळी हो," चर्चचे कारभारी डीकन लेगेट म्हणाले.

"चाल तिथली, हे तुम्हांला कुणी सांगितलं, डीकन?" मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली. "तुमच्या जावयानं? तो काय तिथं बायबल वाचायला बसला होता?"

हशा पिकला. पाळकांनी टेबलावर थाप मारली.

आर्डीलिया उभी राहिली. "डीकन, डावा हात मला माझ्याआधी इथं वाजवणाऱ्या सिस्टर ऑलिव्हनं शिकवला. याच पियानोवर. तोच मी पर्व्हिसकडे नेला. तिथं लोक नाचले, तसा तो जरा बदलला. मग सैतानाचं मी इथं आणलं, की इथलंच इथं परत आलं? मला खरंच कळत नाहीये."

"गोंधळ घालू नकोस, पोरी."

"घालत नाहीये हो. माझाच गोंधळ उडालाय."

तेवढ्यात काठी आपटत मदर झिपोरा उठल्या. "ते राहू दे. मला आधी सांगा, चाल सैतानाची, तर माझ्या अंगात आलं कोण?"

पाळकांनी रुमालाने मान पुसली. "मदर, तुमच्याविषयी कुणी काही म्हणत नाहीये."

"माझ्याविषयीच तर चाललंय की! ब्याऐंशी वर्षं देवाला ओळखते मी. की ओळखतच नाही?" त्या आर्डीलियाकडे वळल्या. "आर्डी, तूच सांग. वाजवताना तुझ्या मनात देव होता ना गं?"

एका होकारात स्टूल वाचले असते, आणि म्हातारीचा रविवारही. आर्डीलियाने आठवून पाहिले. मन लावून, प्रामाणिकपणे.

"मदर, मनात काहीच नव्हतं. एक काळी पट्टी अडकत होती. सगळं लक्ष तिच्यावर होतं."

मदर झिपोरा खाली बसल्या. सहा महिने स्टूल बंद, असा ठराव झाला. विरोधात एकही हात वर आला नाही. बाजूने मात्र निम्मेच आले.

शनिवारी ती पर्व्हिसकडे गेली, तर तिथेही बोटे चालेनात. प्रत्येक सुराला ती मनातल्या मनात विचारत होती, तू कुणाचा?

"मयताला आलीयस का गं?" पर्व्हिस ओरडला. "लोक जेवतायत इथं!"

फेब्रुवारीत पाळकांनी तिला पुन्हा उभे केले आणि चाल सैतानाची होती का, हे विचारले. आपल्याला अजूनही कळलेले नाही, असे तिने सांगितले. स्टूल सिस्टर ऑलिव्हच्या भाचीकडे गेले.

१९५८ साली आर्डीलिया स्टोक्स सेंट लुईसला राहायला गेली आणि १९७७ पर्यंत तिथल्या एका चर्चमध्ये पियानो वाजवत होती.