एकट्यानं सतरा खांब

व्यंकटीराव कोण होते, असं कुणी विचारलं तर बन्सीधर टेलर आजही अडखळतो. चौदा महिने रोज सकाळी तो त्या माणसाच्या बरोबर चालला, पण त्यांचं आडनाव त्याला कळलं ते रुग्णवाहिकेच्या माणसानं कागदावर लिहून घेतलं तेव्हा. मूळ गाव कोणतं, ताडकळसला येऊन का राहिले, बायको कधी वारली, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. रेल्वेत कीमन होते एवढं माहीत होतं. पहाटे खांद्यावर हातोडा टाकून पाच-सहा किलोमीटर रुळांवरून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या, जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. तीस वर्षं हेच काम. तेही त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. ते इतकी आखूड पावलं का टाकतात, असं बन्सीधरनं एकदा विचारलं म्हणून निघालं.

"रुळाखालच्या स्लीपरची सवय हाय," ते म्हणाले. "लांब ढांग टाकली की पाय खडीत जातो."

बन्सीधरचा चालण्याशी कधी संबंधच आला नव्हता. चाळीस वर्षं तो शिलाई मशीनवर बसला. पाय दिवसभर हलायचे, पण कुठं जायचे नाहीत. बासष्टाव्या वर्षी एका दुपारी ब्लाऊजला काज करताना त्याच्या छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. परभणीला नेलं, काळजाच्या नळीत छल्ला बसवला, पाचव्या दिवशी घरी सोडलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "रोज चालायचं. आधी थोडं, मग अर्धा तास. गोळ्या चुकवायच्या नाहीत तसं चालणंही चुकवायचं नाही."

बन्सीधरनं मान हलवली आणि घरी येऊन बाज धरली.

त्याला भीती बसली होती. उठलो तर छल्ला सरकेल, जिना चढलो तर काळीज फुटेल. दिवसातून पन्नास वेळा तो मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायचा. मोजता मोजता ते वाढायचे, वाढले की घाम फुटायचा, घाम फुटला की झालं, आता आलाच दुसरा झटका, असं वाटायचं. रात्री झोप लागायला लागली की तो दचकून जागा व्हायचा आणि कस्तुराबाईला हलवायचा. "अगं, बघ की, मी श्वास घ्यायलो ना?"

"बोलायलाव म्हंजे घ्यायलाव," ती कूस बदलत म्हणायची. पण तीही थकली होती. आठ महिने तिनं घराबाहेर मुक्काम केला नव्हता. तो दुकानात गेला नाही, बाजारात गेला नाही. ओट्यापर्यंत यायचा, तोही भिंतीला धरून.

त्या ओट्यावरच व्यंकटीरावांनी त्याला पाहिलं. रोज सकाळी ते समोरून जायचे. पांढरं धोतर, पायात जुने काळे बूट, हात मागं बांधलेले. एके दिवशी थांबले.

"मास्तर, काय बघायलाव हाताकडं?"

"ठोके."

"हायेत का?"

बन्सीधरला हसू आलं आणि हसल्याचीही भीती वाटली.

"चला, त्या खांबापर्यंत," व्यंकटीराव म्हणाले. समोर लाइटीचा खांब होता. पस्तीस-चाळीस पावलं असतील.

"न्हाई जमायचं. रस्त्यात पडलो तर?"

"तर मी हाय की. तीस वर्षं उचलायचंच काम केलंय."

काय उचलायचं, ते बन्सीधरला तेव्हा कळलं नाही. तो उतरला. खांबाला हात लावून परत येईपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. व्यंकटीराव आपल्या वाटेनं गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तीन दिवस एकच खांब. मग दोन. दोनाचे तीन व्हायला पंधरवडा लागला. बन्सीधर घाई करायला लागला तर ते त्याचा दंड धरायचे. "मास्तर, गाडी पकडायची हाय का? बोलता येईल एवढंच चाला. धाप लागली की बोलणं तुटतं, मंग थांबायचं."

एकदा मोठीच फजिती झाली. बन्सीधर भीतीपोटी पाण्याची बाटली बरोबर घ्यायचा. गावात तेव्हा पंचायतीचं गुड मॉर्निंग पथक पहाटे फिरायचं, उघड्यावर बसायला जाणाऱ्यांना धरायला. सातव्या खांबापाशी पंचायतीच्या सदस्य तानुबाई आणि दोन माणसं आडवी आली. एकानं लाजवायला बन्सीधरच्या हातात गुलाबाचं फूल दिलं, दुसऱ्यानं फोटोसाठी मोबाइल समोर धरला.

"टेलर, घरी संडास बांधून दिला न्हाई का तुमाला? या वयात बाटली घेऊन निघायलाव!" तानुबाई म्हणाली.

"अहो, मी चालायला..."

"समदेच चालायलाच जायलेत! काल तुमच्या गल्लीतला परमेश्वरबी असंच म्हणला."

बन्सीधरच्या छातीत धडधडायला लागलं. बोटं मनगटाकडे गेली. व्यंकटीरावांनी शांतपणे बाटली त्याच्या हातातून घेतली, टोपण उघडलं आणि गटागटा सगळं पाणी पिऊन टाकलं. "घ्या तानुबाई," रिकामी बाटली पुढं करत ते म्हणाले, "आता कशानं बसतेत ते?"

तानुबाई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. परत येताना बन्सीधरच्या ध्यानात आलं, आपण ठोके मोजलेच नाहीत.

हळूहळू फरक पडायला लागला. तो कुणी मोजला नाही, आपला आपणच दिसत गेला. आधी भूक आली. मग झोप आली. एका रात्री तर तो सरळ पहाटेपर्यंत झोपला आणि कस्तुराबाईच घाबरून उठून त्याच्या नाकाशी हात धरून बसली. गुडघ्याची कळ गेली. रक्तातली साखर उतरली तेव्हा डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. दुपारी दोन तास तो पुन्हा मशीनवर बसायला लागला. सगळ्यात मोठं म्हणजे डोक्यातला कालवा थांबला. चालताना तो गव्हाकडे बघायचा, कुणाच्या हरभऱ्याला घाटे धरलेत ते बघायचा, उसाच्या ट्रॉल्या मोजायचा.

"हे असं का होतं?" त्यानं एकदा विचारलं.

व्यंकटीरावांनी बुटाच्या टोकानं एक खडा बाजूला सारला. मग म्हणाले, "बसलं की काळजाचा आवाज येतो. चाललं की पायाचा येतो." थोडं पुढं गेल्यावर खाली बघतच बोलले, "माझ्या हद्दीत एकदा धुक्यात एक बाई गाडीखाली आली. मीच गोळा केली. मंग घरात बसलं की ती दिसायची. बारा वर्षं झाली. चालतानी न्हाई दिसत."

तोवर बन्सीधरला वाटत होतं, घाबरणारा आपण एकटाच.

पण एक गोष्ट काही केल्या जात नव्हती. एकट्यानं त्याला एक पाऊल टाकवत नसे. व्यंकटीराव दोन दिवस पूर्णेला लेकीकडे गेले की तो दोन दिवस ओट्यावर बसून राहायचा. "मास्तर, मी काय जन्माला पुरायलोय का?" ते चिडवायचे. बन्सीधर मान खाली घालायचा.

दिवाळी झाली आणि गाव निम्मं रिकामं झालं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या भरून गेल्या, घरांना कुलपं लागली. व्यंकटीरावांची खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला, ऊसतोडीवाल्यांच्याच वस्तीत होती. बन्सीधर तिकडं कधी गेला नव्हता, सतराव्या खांबाशी निळं दार एवढंच ऐकून होता. तेच रोज यायचे.

पौष महिन्यात कस्तुराबाई झरीला बहिणीकडे दोन दिवसांसाठी गेली. किती दिवसांनी तिला त्यानं जाऊ दिलं होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी तो मफलर बांधून ओट्यावर बसला. साडेसहा झाले. पावणेसात झाले. व्यंकटीराव आले नाहीत. त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तसंच.

धुकं होतं. पहिला खांब दिसत होता, दुसरा नव्हता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बन्सीधरची बोटं मनगटावर गेली आणि ठोके धावायला लागले. लेकीकडे गेले असतील. सांगून गेले असते. झोपले असतील. तीस वर्षं पहाटे उठणारा माणूस? आपण गेलो आणि वाटेत पडलो तर कोण बघणार? आणि न गेलो तर?

तो उतरला.

पहिल्या खांबाला त्यानं मिठीच मारली. चौथ्यापाशी कुत्री अंगावर आली, तो भिंतीला चिकटून उभा राहिला. परत फिरावं असं प्रत्येक खांबापाशी वाटलं. सहा, सात. दोन्ही बाजूंना कुलपं. दारांपुढं वाळलेला पाला साचलेला. त्यानं मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, बोलणं तुटत नाही ना ते बघायला: "दहा... अकरा... व्यंकटीराव, मी यायलो... बारा..." सतराव्या खांबाशी निळं दार होतं. आतून कडी.

"व्यंकटीराव!"

काही नाही. त्यानं कान लावला. त्याच्याच कानात रक्त एवढं वाजत होतं की काही ऐकू येईना. मग आतून, खालून कुठूनतरी, बारीक आवाज आला.

"मास्तर?"

दार त्याच्यानं हललं नाही. गोपाळचं हॉटेल बसस्टँडपाशी, तिथून आणखी पाच खांब. ते पाच खांब आपण कसे गेलो हे बन्सीधरला आजही आठवत नाही. गोपाळ पहार घेऊन धावला, मागून बन्सीधर. कडी उचकटली. व्यंकटीराव मोरीपाशी पडले होते, पाय वेडावाकडा. पहाटे चारला घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओरडून ओरडून घसा बसला होता. ऐकायला वस्तीत होतंच कोण?

गोपाळ फोन करायला बाहेर गेला. बन्सीधरनं त्यांच्या अंगावर गोधडी घातली. व्यंकटीरावांचे हात बर्फासारखे गार होते. त्यांना असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"लय भ्यालो, मास्तर," ते म्हणाले. "मी दिसलो न्हाई तर ते कळणारा एकच माणूस गावात. अन् तो एकटा ओट्याखाली उतरत न्हाई."

बन्सीधरनं त्यांचे हात चोळायला सुरुवात केली. थांबला नाही.

लेकीनं त्यांना नांदेडला नेलं. हाड जोडलं, पण पडून राहून छातीत कफ भरला आणि अठराव्या दिवशी ते गेले. बन्सीधरला निरोप पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो आता रोज सकाळी एकटा निघतो. भीती गेली असं तो म्हणत नाही. ती असते, थोडी मागून चालते.

काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, असं त्याला कधीकधी वाटतं. पण रुग्णवाहिकेचं दार लागायच्या आधी दोघांत बोलणं झालं ते एवढंच:

"मास्तर, दूधवाल्याला सांगा, उद्यापासून नको म्हणून."

"सांगतो."

"तुमी चहा घेतला का?"

"न्हाई अजून."

"घ्या मंग."