मास्तरांचं माप

मी काजं करते. बावीस वर्षं झाली, एकाच दुकानात, एकाच खिडकीपाशी, एकाच स्टुलावर. कापड कुठलंही असो, मास्तर कापणार, मशीनवर शिवून होणार आणि सगळ्यात शेवटी ते काजा-बटणांसाठी माझ्या मांडीवर येणार. म्हणून मास्तर मला ‘काजू’ म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक असावं, पण मी पैज लावणार नाही.

मास्तर म्हणजे दुकानाचे मालक, कटर आणि रोजची कटकट. कॉलर पाव सूत इकडची तिकडे झाली तर आख्खा शर्ट उसवायला लावतील. पण हात असा की वाकड्या माणसाला सरळ करून दाखवावं ते त्यांनीच. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी खांदे. एक खांदा पडका असेल तर आतून हळूच पातळ गादी घालतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. माणूस आरशात बघतो, खूश होतो, ताठ चालत घरी जातो. आणि प्रत्येक कपड्याच्या बाजूच्या शिलाईत दोन बोटं जादा कापड आत दुमडून ठेवायचं, हा त्यांचा नियम. मी एकदा म्हटलं, “मास्तर, साठीच्या माणसाला कशाला? तो काय वाढणारे?” तर म्हणाले, “तू बटणं लाव.”

तर या मास्तरांना मागच्या वर्षी खोकला लागला. दोन महिने आम्ही तो कापडाच्या धुळीच्या नावावर खपवला. मग मीच भांडून त्यांना दवाखान्यात पाठवलं. फोटो झाला, स्कॅन झाला, सुई घालून तुकडा काढला आणि निघालं ते हे, की डाव्या फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सरची.

मास्तर काही डगमगले नाहीत. “गाठ आहे ना? मग कापून काढू,” म्हणाले. कापण्यावर त्यांचा फार विश्वास. ऑपरेशनच्या तयारीने त्यांनी हातातली कामं उरकली, नवी घेतली नाहीत, कात्रीला धारसुद्धा लावून ठेवली. परत आल्यावर लागेल म्हणून.

मोठ्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. मास्तर, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी. वहिनींना दवाखान्याच्या वासानेच गरगरतं, म्हणून मी. डॉक्टरांनी पडद्यावर फोटो लावला, पेनाने एक जागा दाखवली आणि म्हणाले, “ऑपरेशन करता येणार नाही.”

वहिनींनी चक्क हात जोडले. “सुटलो बाई! मी म्हणतच होते, एवढं काही नसणार.”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीकडे. मास्तर मात्र खुर्ची पुढे ओढून त्या फोटोत डोकं घालून बसले होते. “ही काय नळी आहे?” त्यांनी विचारलं. हृदयाकडून निघणारी मोठी रक्तवाहिनी, डॉक्टर म्हणाले, गाठ तिला चिकटून बसली आहे. मास्तरांनी मान हलवली. “म्हणजे कात्री घालायला मध्ये जागाच नाही. घातली तर मूळ कापड जाईल.”

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाले. “पण इलाज नाही असं नाही. रेडिएशन देऊ, तीस वेळा. जोडीला आठवड्याला एक केमोचं सलाईन. गाठ आक्रसेल, कदाचित गप्प बसेल. मात्र मध्ये सोडायचं नाही. अर्धवट सोडलं तर केलेलं वाया जाईल.”

बाहेर आल्यावर वहिनींना खरा अर्थ सांगायचं काम कुणाकडे आलं? माझ्याकडे. त्या रडल्या, मीही रडले, आणि मास्तर आम्हा दोघींना म्हणाले, “चला, रिक्षावाला खोळंबलाय.”

बातमी फुटली आणि दुकानात कापडापेक्षा औषधंच जास्त यायला लागली. एकाने हिरव्या पानांचा रस आणला, तो पिऊन मास्तरांचे दात दोन दिवस हिरवे होते. एका बाईंनी लोहचुंबकाचा पट्टा दिला. तो बांधून मास्तर टेबलाशी गेले तर सगळ्या टाचण्या येऊन पोटाला चिकटल्या! मी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होते. हे सगळं चाललं, कारण त्याने नुकसान काही नव्हतं.

नुकसान करणारा माणूस वेगळा होता. वहिनींचा भाऊ. दुनियेतलं सगळं त्याला ठाऊक. त्याच्या ओळखीत कुणी एक पुडीवाला होता, सगळ्या गाठी विरघळवणारा. अट एकच, पुडी सुरू केली की दवाखाना बंद. “रेडिएशन म्हणजे आतून भाजणं हो दाजी,” तो रोज येऊन सांगायचा. “माझं ऐका.” मी एकदा विचारलं, “तुम्ही कधी खाल्ली का ती पुडी?” तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. माझी काही तक्रार नाही.

मास्तरांनी रेडिएशन सुरू केलं खरं, पण पहिल्याच दिवशी बिनसलं. तिथे निळ्या कोटातली एक मुलगी होती, मशीन चालवणारी. तिने यांना टेबलावर झोपवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले आणि छातीवर आणि दोन्ही कुशींवर पेनाने रेघा आखल्या. रोज झोपवल्यावर छतावरून लाल प्रकाशाची रेघ पडते, ती या रेघांवर बसली की मगच मशीन सुरू. मुलीने बजावून सांगितलं, रेघ पुसू द्यायची नाही, साबण लावायचा नाही, स्वतः गिरवायची नाही. तसा छापील कागदही दिला.

घरी येऊन मास्तरांनी आरशात बघितलं आणि त्यांचा पारा चढला. “वाकडी! काजू, बघ! नाकापासून बेंबीपर्यंत सरळ यायला हवी ती इकडे कुठे चाललीये? मी अशी आखली असती तर लोकांनी मला दुकान बंद करायला लावलं असतं.” मग रोज हेच. गिळताना दुखायला लागलं, थकून दुपारी कापडाच्या ताग्यावर डोकं टेकायला लागले, वजन उतरलं, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. तक्रार फक्त रेघेची.

पंधरा वेळा झाल्या. मग आला तो उकाड्याचा रविवार. घामाने रेघा फिक्या पडल्या, डाव्या काखेखालची तर दिसेनाशी झाली. सोमवारी सकाळी निघण्याआधी मास्तरांनी मला कापडावर खुणा करायचा पेन दिला. “तुझा हात स्थिर आहे. जरा गडद कर.”

“कागदावर नाही म्हटलंय.”

“नवी काढू नको म्हटलंय. ही आहेच की.”

वहिनींनी शर्ट वर धरला आणि मी रेघ ओढली. आता खरं सांगते. मी नुसती गिरवली नाही. बावीस वर्षं या माणसाच्या हाताखाली काढल्यावर वाकडी रेघ मला तरी कशी बघवणार? छातीवरचीही सरळ केली, काखेखालचीही. मास्तर आरशात बघून म्हणाले, “हां, आता कसं!” आणि मला शाबासकी मिळाली म्हणून मी दिवसभर मिरवायच्या बेतात होते.

दवाखान्यात टेबलावर झोपवल्यावर त्या मुलीने मशीनला हात लावला नाही. मला आत बोलावलं. “ही रेघ कुणी काढली?”

“मी,” मास्तर झोपल्या झोपल्या म्हणाले.

“काखेखाली? स्वतः?”

“आरशात बघून.”

तिने माझ्याकडे बघितलं. “मी काढली,” मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, “आज देता येणार नाही. बुधवारी या. पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी.” अर्धवट सोडलं तर वाया, हे डॉक्टरांचं वाक्य कानात वाजत होतं आणि ते वाया घालवणारी मी.

रिक्षात मास्तर म्हणाले, “झालं. बास आता. यांच्या रेघाही धड नाहीत. बुधवारी मेहुण्याबरोबर जातो त्या पुडीवाल्याकडे.” आवाजात चीडसुद्धा नव्हती, नुसता थकवा. मला तेव्हा फार भीती वाटली. चिडलेले मास्तर मला हाताळता येतात, थकलेले येत नाहीत.

मंगळवारी मी एकटीच दवाखान्यात गेले. खरं तर भांडायला. कारण चूक माझी असली तरी रेघ मुळात वाकडी होतीच की! ती मुलगी डबा उघडून बसली होती. मी सुरू झाले. सरळ रेघ काढता येत नाही का, आमच्या दुकानात असतीस तर दोन दिवस टिकली नसतीस, असं काय काय बोलले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्या मास्तरांचा डावा खांदा खाली आहे, माहितीये ना?”

“काहीतरीच!”

“चांगला खाली आहे. छातीही त्या बाजूला झुकलेली. ते झोपतातच तसे. ते जसे आहेत त्यावर रेघ काढायची असते, कसे असायला हवे होते त्यावर नाही. सरळ रेघेवर दिलं तर गाठ राहील बाजूला.” मग घास तसाच ठेवून म्हणाली, “आणि त्यांना घेऊन या हो. दोन दिवसांनी बिघडत नाही. न आल्याने बिघडतं.”

मी तिथून निघाले ती थेट दुकानात. मास्तर कटिंगच्या टेबलाला टेकून उभे होते. मी त्यांच्याच गळ्यातली टेप काढून घेतली.

“हे काय?”

“आरशासमोर उभे राहा.”

“काजू, टेप ठेव. तू काजं कर.”

“उभे राहा म्हणते ना!” मी एवढ्या जोरात ओरडले की मशीनवरची दोघं पाय थांबवून बसली. मास्तर उभे राहिले. मानेपासून उजवा खांदा, मानेपासून डावा खांदा, मग दोन्ही खांद्यांपासून खाली जमिनीपर्यंत. मी मुद्दाम मोठ्याने आकडे वाचले. डावा खांदा पाऊण इंच खाली. भरपूर पाऊण. मग त्या मुलीचं म्हणणंही सांगितलं.

मास्तरांनी माझ्या हातून टेप घेतली, स्वतः लावून बघितली, पुन्हा लावली. मग आरशाच्या जवळ गेले. चाळीस वर्षं डाव्या हाताने टेबलावर कापड दाबून धरलं, उजव्याने कात्री चालवली. दुनियेचे खांदे बघितले, आणि स्वतः? स्वतःसाठी कधी काही शिवलंच नाही. उरलेल्या कापडाचं, न नेलेलं, कुणाच्या तरी मापाचं अंगात घालून फिरले.

“पोरगी बरोबर होती म्हणजे,” ते म्हणाले.

“तुमच्यापेक्षा बरोबर.”

“तुझ्यापेक्षाही.”

“हो बाबा, माझ्यापेक्षाही.”

मग ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, आणि खोकला थांबल्यावर टेबलाला धरून पुन्हा हसले. “चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने सांगू नये?” मी म्हटलं, “तुम्ही तरी त्यांना कुठे सांगता!”

बुधवारी मेहुणा रिक्षा घेऊन दारात आला. मास्तर त्याच रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता दिला. मेहुण्याने वाटेत बरंच काही सांगितलं म्हणे. मास्तरांनी उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुझा उजवा खाली आहे.”

नव्या रेघा आल्या. तशाच वाकड्या. या वेळी मास्तर रोज शर्ट वर करून गिऱ्हाइकांना दाखवायला लागले, “बघा, याला म्हणतात माप.” उरलेल्या पंधरा वेळा झाल्या. शेवटच्या आठवड्यात पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा मी वाटी-चमचा घेऊन समोर बसायची आणि ते मला शिव्या घालत गिळायचे.

त्याच दिवसांत मी गुपचूप शर्ट करायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कटिंगची मोठी कात्री हातात घेतली, त्यांच्या मागे, ते झोपलेले असताना. डावा खांदा पाऊण इंच उतरता. तीनदा बिघडला. चौथ्यांदा जमला.

अडीच महिन्यांनी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, गाठ निम्म्यावर आली आहे, गेलेली नाही, पण सध्या गप्प आहे. दर तीन महिन्यांनी बघत राहू. वहिनींनी या वेळी हात जोडण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मग त्यांनी जोडले.

दुकानात आल्यावर मी शर्ट दिला. मास्तर तो घालून आरशासमोर उभे राहिले. कॉलर बघितली, खांदे बघितले, बाह्या बघितल्या. मग त्यांनी सवयीने बाजूची शिलाई उलटी केली. आत दोन बोटं जादा कापड दुमडलेलं होतं. दोन्ही बाजूंना.

“माझी बरगडी न् बरगडी मोजता येते,” ते म्हणाले. “एवढं कापड आत कशाला घातलंस?”

“तुम्ही काम बघा,” मी म्हटलं आणि स्टुलावर जाऊन बसले, कारण मला रडू येत होतं. त्यांनी शिलाई पुन्हा नीट आत घातली. मग शर्ट न काढताच कापायला गेले.

काल ते शर्ट घेऊन माझ्या खिडकीपाशी आले. म्हणाले, पोटावर घट्ट होतोय, जरा सोड. मी एक बोट उसवून दिलं. एक अजून आत आहे.