माझ्या बाकशेजाऱ्याची हजेरी

कॉलेजवर माझ्या बाकशेजाऱ्याइतकं प्रेम ते कॉलेज काढणाऱ्यांनीही केलं नसेल. बारवी धरणापलीकडच्या पाड्यावरून जीप, मग शेअर रिक्षा करत हा पठ्ठ्या बदलापूरला यायचा आणि शिपायाच्या आधी दारात उभा! ‘वर्गात बसा नाहीतर घरून ऑनलाइन या’ अशी सोय निघाली तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. मी तर अंबरनाथला पांघरुणातच बी.कॉम. व्हायचं ठरवून टाकलं. हा एकटा उठून म्हणाला, "सर, घरी अभ्यासाला बसलं की घरच्यांना वाटतं पोरगा रिकामाच आहे."

पावसाळ्यात ओढा चढून रस्ता बंद झाला की त्याचाही इलाज नसे. पाड्यात रेंज नाही, म्हणून स्वारी टेकडीवर. तिथेही इस्त्रीचा शर्ट, पायात बूट! सरांनी नाव घेतलं की फोन हातात धरून ताडकन उभा राहायचा, आणि आम्हाला दिसायचं फक्त शर्टाचं तिसरं बटण. एकदा अर्थशास्त्राच्या तासाला म्हणाला, "सर, एक मिनिट, म्हैस आडवी आलीय." खरंच स्क्रीनभर म्हैस! आमची हसून मुरकुंडी वळली. हा मात्र वहीत अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत होता.

मग भर पावसाळ्यात एक दिवस त्याचा फोन. "दोन दिवस जरा काम निघालंय, माझं लॉगिन तू कर ना." मित्र कशाला असतात! घरातल्या जुन्या फोनवर त्याचं नाव लावलं, ‘हजर सर’ लिहिलं. दोन दिवसांनी त्याचा फोन बंद. म्हटलं, बिचाऱ्याची हजेरी कशाला बुडवा? दोन महिने इमानेइतबारे लावली. पाड्यावर जाऊन बघावं, हे काही माझ्या मेल्याच्या मनात आलं नाही. वर सर सगळ्यांना सांगायचे, "त्याच्याकडून शिका जरा."

परवा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये जीन्स घ्यायला गेलो, तर दुकानामागच्या कारखान्यात हा धागे कापत बसलेला. ‘घरीच तर असतोस’ म्हणत बाबांनी कामाला लावला होता, फोनही काढून घेतला होता. मला बघून इतका खूश झाला की कारागिरांना सांगत सुटला, "हा माझा बाकावरचा!" चहा मागवला. मग हळूच म्हणाला, "सरांची वाट बघत होतो रे. पोरगं आठवडाभर दिसलं नाही की सर घरी फोन करतातच ना. बाबा कोणाचं ऐकत नाहीत, पण सरांचं ऐकलं असतं. विसरले वाटतं मला."

मला मान वर करवेना. सर विसरले नव्हते रे. त्यांना तू रोज दिसत होतास. त्या सकाळीसुद्धा तुझी हजेरी लावूनच मी घरातून निघालो होतो.